काड्यापेटीतला व्हेरिएबल

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, भाजी आणायची आठवण घरून दोनदा करून झालीये, आणि मी लॅपटॉप उघडून बसलेय. गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती आज लिहून टाकते. विषय ऐकायला रुक्ष आहे. प्रोग्रामिंग चांगलं शिकवणाऱ्यांच्या युक्त्या दुसऱ्या शिकवणाऱ्यांपर्यंत पोचाव्यात कशा? पण यात एका मुलाची नोकरी गेलीये आणि त्यात थोडा हात माझाही आहे, त्यामुळे मला तरी तो रुक्ष वाटत नाही.

तर सुरुवात कॉलेजपासून. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला 'सी' शिकवायला एक मॅडम होत्या. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देव जाणे. पहिल्याच तासाला बाईंनी पिशवीतून दहा काड्यापेट्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक पेटीवर एक नाव चिकटवलेलं आणि कोपऱ्यात एक नंबर. मागच्या बाकावरून "मॅडम, विडी पण आणलीय का?" वगैरे झालं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "ये पुढे. तूच मेमरी."

'ए' मध्ये पाच टाकायचा, तर चिठ्ठीवर पाच लिहून 'ए' च्या पेटीत ठेवायची. मग 'बी' बरोबर 'ए' असं लिहिलं, तर काय करायचं? 'ए' ची पेटी उघडायची, आकडा फक्त वाचायचा, नवी चिठ्ठी लिहायची, 'बी' मधली जुनी चिठ्ठी काढून फाडायची आणि मग नवी आत ठेवायची. फाडायची म्हणजे सगळ्या वर्गासमोर टर्रकन फाडायची. दोन व्हेरिएबलची अदलाबदल करायला एक मुलगी पुढे गेली, तिने पहिल्या झटक्यात चिठ्ठी फाडली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की फाडलेला आकडा आता जगात कुठेच नाही. "मॅडम, अजून एक पेटी द्या ना!" टेम्प नावाचा तिसरा व्हेरिएबल का लागतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आम्ही तो मागून घेतला. पुढे पॉइंटर आले तेव्हा चिठ्ठीवर दुसऱ्या पेटीचा नंबर लिहिला, बस्स. ज्या पॉइंटरला पोरं चार वर्षं घाबरतात, तो आमच्या वर्गाने एका तासात खाल्ला.

पुढच्या वर्षी मॅडम नव्हत्या. त्यांच्या जागी आलेले सर स्लाइड वाचून दाखवायचे. सर वाईट नव्हते हो, त्यांना काड्यापेट्यांबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? डिपार्टमेंटच्या कपाटात हजेरीपत्रक होतं, टीचिंग प्लॅन होता, दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. मॅडमची युक्ती फक्त मॅडमकडे होती, ती पिशवीबरोबर गेली.

आता ऑफिस. यंदा आमच्याकडे तीस फ्रेशर्स आले आणि त्यांना सहा आठवडे पायथन शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी खूश. लगेच किराणा दुकानातून काड्यापेट्या आणल्या आणि मॅडमसारख्याच मांडल्या. काय रंगला म्हणून सांगू तो तास! फीडबॅक फॉर्मवर पोरांनी 'बेस्ट सेशन' लिहिलं. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

परीक्षेत एक प्रश्न होता. 'ए' नावाची लिस्ट, तिच्यात दोन आकडे. 'बी' बरोबर 'ए'. मग 'बी' मध्ये तिसरा आकडा जोडला. आता 'ए' छापलं तर काय दिसेल? तिसातल्या नऊ जणांनी लिहिलं, दोनच आकडे. बरोबर उत्तर आहे, तीन.

नवांपैकी एक वाशीम जिल्ह्यातला मुलगा, मेकॅनिकलवाला. कष्टाळू. शनिवारी रिकाम्या ट्रेनिंग रूममध्ये एकटा सराव करत बसायचा. तो चार मार्कांनी गेला, आणि या एका प्रश्नाला होते सहा. फेरपरीक्षेत लिस्ट फंक्शनला पाठवून आत बदलायचा प्रश्न आला, तिथेही तेच झालं. आमच्याकडे दोनच संधी असतात. लॅपटॉप जमा करून गेला, आणि रात्री त्याचा मेसेज आला. "मॅम, एकच विचारायचं होतं. 'बी' ची पेटी तर वेगळी होती ना?"

माझं उत्तर टाइप करायला बराच वेळ लागला. कारण तो बरोबर होता. मी शिकवलं ते त्याने अगदी चोख लक्षात ठेवलं होतं. चूक माझ्या पेट्यांची होती.

'सी' मध्ये व्हेरिएबल म्हणजे खरोखरच मेमरीतली एक जागा. काड्यापेटीची उपमा तिथे चपखल बसते. पायथनमध्ये नाव म्हणजे पेटी नाही, पेटीवर चिकटवलेला स्टिकर. 'बी' बरोबर 'ए' म्हटलं की नवी पेटी येत नाही, त्याच पेटीवर दुसरा स्टिकर लागतो. मग 'बी' म्हणून आत काही टाका, 'ए' म्हणून उघडलं तरी ते दिसणारच. गंमत म्हणजे (गंमत कसली...) नुसत्या आकड्यांवर हा फरक दिसतच नाही, कारण पायथनमध्ये आकडा आतून बदलता येत नाही. त्यामुळे माझी चुकीची उपमा पहिला आठवडाभर अगदी बरोबर चालली आणि लिस्ट आल्यावर फुटली.

नंतर शोधलं तर कळलं की हे काही मलाच सापडलेलं नाही. नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली नेमक्या याच दोन उपमांची तुलना केली होती, पेटी आणि लेबल. साध्या प्रश्नांना पेटीवाले सरस ठरले. पण एका व्हेरिएबलमध्ये एकाच वेळी दोन किमती राहू शकतात असा गैरसमजही पेटीवाल्यांमध्येच जास्त दिसला. साहजिक आहे, पेटीत दोन चिठ्ठ्या मावतातच की. आणि तेव्हा मला मॅडमचं ते टर्रकन फाडणं आठवलं! मी ते गाळलं होतं. मला तो नाटकीपणा वाटला होता. मी सरळ नवी चिठ्ठी आत सरकवत होते.

म्हणजे मॅडमची युक्ती मी उचलली, पण ती कुठे चालते, कुठे नाही, आणि तिच्यातला कुठला भाग हलवायचा नाही, हे मला माहीतच नव्हतं. कारण ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

इथे येतो पॅटर्न. आपल्याकडे पॅटर्न म्हटलं की आधी लातूर पॅटर्न आठवतो, किंवा २०१८ नंतर मुळशी पॅटर्न :-) दोन्ही बाजूला ठेवा. लातूर पॅटर्नबद्दल एवढंच म्हणते की तो उचलून नेणाऱ्या बऱ्याच जणांनी चाचण्यांचा रतीब तेवढा नेला. तिथे तो का चालला, कुठल्या मुलांना तो झेपला, याचा कागद कुणी मागितला नाही. थोडक्यात, जे मी काड्यापेट्यांचं केलं तेच.

मी म्हणतेय तो पॅटर्न एका आर्किटेक्टचा आहे. क्रिस्टोफर अलेक्झांडर. १९७७ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं, त्यात २५३ पॅटर्न आहेत. शहर कसं असावं इथपासून ते खिडकीशी बसायची जागा कशी असावी इथपर्यंत. त्यातला माझा लाडका म्हणजे सहा फुटी बाल्कनीचा. बाल्कनीची खोली सहा फुटांपेक्षा कमी असेल तर माणसं ती वापरत नाहीत, असं तो म्हणतो. का? तर दोन-चार माणसं आणि मध्ये छोटं टेबल एवढंही तिथे बसत नाही. आमच्या फ्लॅटची बाल्कनी चार फूट आहे. तिथे वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले कपडे राहतात. पॅटर्न सिद्ध!

प्रत्येक पॅटर्नमध्ये तो अडचण सांगतो, ती कुठल्या परिस्थितीत येते ते सांगतो, कुठल्या गोष्टी एकमेकींना ओढत असतात ते सांगतो, मग उपाय, आणि तो कुठल्या मोठ्या-छोट्या पॅटर्नशी जोडलेला आहे तेही. आणि एक अफलातून गोष्ट. प्रत्येक पॅटर्नच्या नावापुढे तो चांदण्या देतो. दोन चांदण्या म्हणजे मला याची खात्री आहे. एक म्हणजे दिशा बरोबर वाटते, पण अजून सुधारायला हवं. एकही नाही म्हणजे हा एक मार्ग झाला, याहून खरा मार्ग असू शकतो. लेखकाने आपल्याच कल्पनेपुढे 'खात्री नाही' असं छापायचं! आपल्याकडच्या किती ट्रेनिंग मटेरियलवर असं लिहिलेलं पाहिलंय?

सॉफ्टवेअरवाल्यांनी ही कल्पना १९८७ च्या आसपास उचलली. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम. १९९४ साली चौघांचं ते प्रसिद्ध 'डिझाइन पॅटर्न्स' आलं, तेवीस पॅटर्नवालं, ज्यातला सिंगलटन आपण सगळे इंटरव्ह्यूपुरता पाठ करतो. त्याच कनिंगहॅमने १९९५ मध्ये लोकांना पॅटर्न एकत्र लिहिता यावेत, एकमेकांचे सुधारता यावेत म्हणून एक साइट बनवली. ती जगातली पहिली विकी.

आणि मग ही मंडळी वर्गाकडे वळली. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवताना सगळ्यांचीच दमछाक होत होती, तेव्हा जोसेफ बर्जिन वगैरे प्राध्यापकांनी आणि ट्रेनर्सनी शिकवण्याचे पॅटर्न लिहायला घेतले. २०१२ साली त्यांचं पुस्तकही आलं. त्यातला एक आहे 'फिक्सर अपर'. मुलांना कोऱ्या पानावरून प्रोग्राम लिहायला लावू नका, मोठा, बराचसा बरोबर प्रोग्राम द्या, त्यात मुद्दाम काही चुका पेरा आणि दुरुस्त करायला सांगा. मी म्हणते, नोकरीत आपण दुसरं करतो काय? पहिल्या दिवसापासून कुणाच्या तरी जुन्या कोडची डागडुजीच! पण कॉलेजात चार वर्षांत दुसऱ्याने लिहिलेला मोठा प्रोग्राम मी एकदाही वाचला नाही. जर्नलमधले उतरवून काढले ते सोडून. वाचण्यावर भर का हवा याला आधारही आहे. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सनंतर साधे प्रोग्राम लिहायला दिले होते. सरासरी आली ११० पैकी २२.८९. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि मंडळींनी नुसता वाचायला कोड दिला, तर बऱ्याच जणांना तोही नीट वाचता येत नव्हता. वाचता न येणाऱ्याला निबंध लिहायला लावायचा प्रकार.

सगळेच पॅटर्न मला पटतात असं नाही. 'अर्ली बर्ड' घ्या. सगळ्यात महत्त्वाची कल्पना सगळ्यात आधी शिकवा आणि पुन्हा पुन्हा तिच्याकडे या. ऐकायला झकास. पण ज्या शिक्षकाला सहा युनिट ठरलेल्या क्रमाने संपवायची आहेत आणि पेपर युनिटवार निघणार आहे, त्याने पक्षी कुठून उडवायचा? हा पॅटर्न स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्यांनी लिहिलाय हे वाचताना कळतं. म्हणूनच मला वाटतं की भाषांतर करून भागणार नाही. साठ-सत्तरचा वर्ग, दोघांत एक पीसी, अर्ध्या तासिकेला वीज नाही, समोर निम्मी मुलं मराठी माध्यमाची, यासाठीचे पॅटर्न इथल्याच लोकांनी लिहायला हवेत.

आणि ते होऊ शकतं. आयआयटी मुंबईत प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सला शेकडो मुलं एका वर्गात बसतात. तिथे 'थिंक पेअर शेअर' वापरलं गेलं. आधी एकट्याने विचार करून लिहा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्या वर्गापुढे चर्चा. मूळ कल्पना अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांची, १९८१ ची. पण आयआयटीच्या मंडळींनी ती नुसती वापरली नाही, मुलं त्या वेळात खरोखर काय करताहेत याची निरीक्षणं नोंदवली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी ८३ टक्के मुलं गुंतलेली होती. त्यामुळे माझ्यासारखीला ती जशीच्या तशी उचलता आली. माझी त्यात एक भर. तीसच्या बॅचमध्ये काही मुलं इंग्रजीत तोंडच उघडत नाहीत. 'पेअर' च्या तीन मिनिटांत ती शेजाऱ्याशी मराठीत बोलतात, आणि काय नेमकं बोलतात! म्हणून मी हल्ली जोड्या लावताना भाषा बघते, आणि शेवटी वर्गाला सांगताना मराठी चालेल असं आधीच जाहीर करते. ही भर एका बॅचच्या अनुभवावरची. चांदणी शून्य.

आता यावर हमखास येणारं वाक्य. "अगं, शिकवणं ही कला आहे. ती कागदावर उतरत नाही." स्वयंपाकही कलाच आहे की! आमची आजी सगळं 'अंदाजाने' घालायची, आणि तिच्या हातचं सांदण तिच्याबरोबरच गेलं. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा' त वाटी-चमच्याचं माप दिलं म्हणून कुणाची कला मेली नाही, उलट परदेशात एकट्या राहणाऱ्या पोरींना पुरणपोळी जमली. फरक एवढाच की शिकवण्याच्या बाबतीत नुसती रेसिपी पुरत नाही. 'समुद्रसपाटीवर चालेल, डोंगरावर डाळ शिजणार नाही' हेही लिहावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. याचीही फाइल होईल. मान्यतेसाठी कमिटी येणार म्हटलं की कॉलेजात 'अभिनव अध्यापन पद्धती' चे रकाने रात्रीतून भरले जातात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथे प्रत्येक पद्धत यशस्वीच झालेली असते. म्हणूनच मला त्या कागदावर सगळ्यात जास्त हवा तो रकाना म्हणजे 'कुठे फसलं'. तो रिकामा असेल तर मी बाकीचं वाचणार नाही.

आणि लिहायचं कुणी? ज्या बाईंना पुढच्या जूनमध्ये बोलावतील याची खात्री नाही त्यांनी? का म्हणून? त्यांची युक्ती हीच तर त्यांची पुंजी. त्यामुळे मला वाटतं की कॉलेजने सत्राच्या शेवटी असं एक पान लिहायला दोन तासिकांचे पैसे द्यावेत आणि पानावर बाईंचं नाव ठेवावं. दोन तासिका. कॉलेजच्या गॅदरिंगच्या फुलांना याहून जास्त जातात.

आणि आपण आयटीवाले तरी कुठे शहाणे आहोत? प्रॉडक्शनचा सर्व्हर दहा मिनिटं झोपला तर दुसऱ्या दिवशी मूळ कारणांचा रिपोर्ट, मीटिंग, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय, सगळं लिखापढीत. तीस मुलांपैकी नऊ जण एकाच प्रश्नावर एकाच पद्धतीने चुकले तेव्हा आमच्या मीटिंगमध्ये काय झालं माहितेय? "धिस बॅच वॉज वीक." पुढचा मुद्दा. मीही त्या खोलीत होते आणि गप्प बसले. तेव्हा माझ्या डोक्यात अजून पेटी आणि स्टिकरचा प्रकाश पडला नव्हता, हे खरं. पण नऊ जण एकसारखे चुकतात म्हणजे चूक कुठून तरी एकाच ठिकाणाहून आलीये, हे कुठल्याही टेस्टरला कळतं.

मागच्या रविवारी मी बसून ते पान लिहिलं. नाव: काड्यापेटी. कुठे चालेल: 'सी', अगदी सुरुवातीचे तास, पॉइंटर. कुठे चालणार नाही: पायथन, तिथे एकच डबा आणि दोन स्टिकर घ्या, आणि पहिल्याच दिवशी लिस्ट दाखवा. काय गाळू नका: चिठ्ठी फाडणं. कुठे फसलं: यंदाची बॅच, तीसपैकी नऊ. ते पान ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये टाकलं, साहेबांना मेल केला (उत्तर नाही), आणि वाशीमच्या त्या मुलालाही पाठवलं, माफीसकट. त्याचा अंगठा आला. तो आता गावी बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. दोन दिवसांनी त्याने विचारलं, "मॅम, फंक्शनला लिस्ट दिली तर आत पण स्टिकरच जातो का?" मी म्हटलं हो. मग आम्ही रात्री अर्धा तास फोनवर बोललो. एका ओळखीच्यांच्या छोट्या कंपनीत त्याचा बायोडेटा दिलाय, बघू.

मॅडमचा नंबर एका वर्गमैत्रिणीकडून मिळाला. त्यांना पान पाठवून विचारलं, वर तुमचं नाव घालू का? संध्याकाळी उत्तर आलं. "घाल की. पण एक राहिलं. पेट्या रिकाम्या करून ने. पहिल्या वर्षी मी भरलेल्या नेल्या होत्या, एकाने पेटवली."

रकाना 'कुठे फसलं' मध्ये वाढवलंय. चला, भाजी आणायची आहे.